चवनीसबाईंचा पेला

शुक्रवार, ६ ऑक्टोबर

संपला एकदाचा आठवडा. सोमवारपासून एकशे चाळीस नमुने चाखले. जिभेचं पार पायपुसणं झालंय. नव्या मालकांना चहाच्या प्रत्येक लॉटचा वेगळा कागद हवा असतो आणि त्या कागदावर दोन सह्या. एक बाईंची, एक माझी.

साडेपाचला भोंगा झाला आणि आम्ही चौघं नेहमीसारखे फाटकासमोरच्या बारमध्ये जाऊन बसलो. मी, मिस्त्री, गोदामातला लांब्या आणि चवनीसबाई. बाईंचं हे नाव लांब्याने पाडलेलं. फडणीस असतात, चिटणीस असतात, मग चव घेणारी ती चवनीस. एकतीस वर्षं झाली, बाईंच्या जिभेवरून गेल्याशिवाय आमच्या कारखान्यातला चहा फाटकाबाहेर पडलेला नाही. मी त्यांच्या हाताखाली अकरा वर्षं आहे.

पहिला घोट पोटात गेला की खांदे आपोआप खाली येतात. आठवडाभर कुठे वर टांगून ठेवलेले असतात कोण जाणे. मिस्त्री सांगत होते, नव्या साहेबांनी विचारलं, वाळवणी यंत्र एवढा आवाज का करतं? मिस्त्री म्हणाले, "साहेब, वय झालंय त्याचं. ऐकणारं कुणी दिसलं की बोलत सुटतं." बाई डोळे पुसेपर्यंत हसल्या.

बाई एकच ब्रँडी घेतात. आधी पेला दोन्ही तळव्यांत धरून ऊब देतात, मग नाकाशी नेतात आणि बराच वेळ नुसतं हुंगत बसतात. पिणं हा त्यांच्या लेखी शेवटचा उपचार. आज मात्र औषधासारखी घटाघट पिऊन टाकली.

"बाई, आज वास नाही घेतलात?" मी विचारलं.

"दमलेय गं."

आज अत्तरही इतकं लावलं होतं की शेजारी बसलेल्या लांब्याला शिंकांवर शिंका. तो म्हणाला, "बाई, कुठे लग्नाला निघालात का?" बाई हसल्या नाहीत.

मंगळवार, १० ऑक्टोबर

एक गोष्ट लिहून ठेवायची आहे. पूर्वी बाई आधी स्वतः चाखायच्या, कागदावर लिहायच्या आणि कागद पालथा घालून मला विचारायच्या. परीक्षाच असायची ती. हल्ली आधी मला विचारतात. चमचाभर चहाचा भुरका मारतात, भांड्यात थुंकतात, पेन उचलतात आणि म्हणतात, "हं, तुला काय लागतं?" मी सांगते. त्या मान हलवतात आणि मी सांगितलेलंच लिहितात, शब्दाचाही फरक न करता.

घरी ह्यांना सांगितलं, तर हे म्हणाले, "तुला तयार करतायत. दोन वर्षांत निवृत्त व्हायच्या ना त्या? मग त्यांची खुर्ची तुलाच."

ऐकून बरं वाटलं. पण खरं सांगायचं तर थोडी चीडही येते. जीभ माझी आणि नाव त्यांचं. साहेबांनी काल बाईंच्या अहवालाचं सगळ्यांसमोर कौतुक केलं. "सुकलेल्या गवतासारखा, पण गवत सावलीत सुकलेलं" हे वाक्य त्यांना फार आवडलं. ते माझं होतं. बाईंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

गुरुवार, १२ ऑक्टोबर

सकाळी चवखोलीत पाऊल टाकलं आणि गॅसचा भपकाराच आला. शेगडीची कळ अर्धवट उघडी होती, पेटवलेली नव्हती. बाई तीन हातांवर बसून शांतपणे लिहीत होत्या. मी धावत जाऊन कळ बंद केली आणि खिडक्या उघडल्या, तर माझ्यावरच ओरडल्या.

"खिडकी कशाला उघडलीस? पानं उडतायत सगळी!"

"बाई, गॅस!"

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग शेगडीकडे पाहिलं. म्हणाल्या, "हो. उठणारच होते आत्ता."

नंतर बराच वेळ त्यांनी टेबलाची कड धरून ठेवली होती. नव्या मालकांनी माणसांची डोकी जाग्यावर ठेवली नाहीयेत, दुसरं काय. मी कुणाला काही बोलले नाही. असल्या गोष्टी वर गेल्या तर उगाच चौकशीचं लचांड मागे लागतं.

मंगळवार, १७ ऑक्टोबर

उद्या आणि परवा रजा. ह्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. बाईंना सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा पडला. "दोन दिवस? एकच नाही का चालणार?" अकरा वर्षांत कधी रजेला नाही म्हणाल्या नव्हत्या. मी जरा ताठच बोलले. मग त्यांनी दोन दिवसांच्या कोऱ्या कागदांवर माझ्या सह्या घेऊन ठेवल्या. "नाहीतर माल अडकेल," म्हणाल्या.

सोमवार, २३ ऑक्टोबर

वाईट दिवस. अठरा तारखेला गेलेला सगळा लॉट परत आला. ओल्या गोणपाटाचा वास. एक पुडा फोडून मी नुसता नाकाजवळ नेला आणि झटकन लांब धरला. हा माल चवखोलीतून गेलाच कसा? शेजारच्या खोलीतल्या टंकलेखकालाही हा वास आला असता.

साहेबांनी दोघींना उभं केलं. कागदावर माझीही सही. मी तर त्या दिवशी दवाखान्याच्या बाकावर बसले होते, पण ते बोलायची सोय नव्हती. कोऱ्या कागदावर सही का केली, हा पुढचा प्रश्न आला असता.

बाई म्हणाल्या, "मला सर्दी होती त्या दिवशी."

"सर्दी असेल तर चाखायला बसू नये," साहेब म्हणाले. आवाज चढवला नाही, त्यामुळे जास्तच लागलं.

सर्दी? गेल्या कित्येक महिन्यांत बाईंना मी एकदाही नाक ओढताना ऐकलेलं नाही.

बाहेर आल्यावर त्या म्हणाल्या, "पोरी, माझ्यामुळे ऐकून घ्यावं लागलं तुला." मी "असू द्या" म्हणाले. पण मनातून असू दिलं नव्हतं. दिवसभर त्यांच्याशी कामापुरतंच बोलले.

शनिवार, २८ ऑक्टोबर, सकाळी

कालचं लिहायचं आहे. हे अजून झोपलेत, घर शांत आहे. चहा करून घेतला, पण प्यायला नाही.

काल आठवड्याचा शेवट सगळ्यांना हवाच होता. परत आलेला माल निवडण्यात सगळा कारखाना पिचून निघालेला. साडेपाचला बारमध्ये गेलो आणि मी पहिला पेला पाच मिनिटांत संपवला, दुसरा त्याच्या पाठोपाठ. म्हणजे मी प्यायलेली नव्हते. दोनच झाले होते. नीट आठवतंय सगळं.

सहाच्या सुमाराला साहेब आले. पहिल्यांदाच. काखेत एक बाटली. म्हणाले, "आठवडा तुम्हाला जड गेला. मीही कमीजास्त बोललो. झालं ते सोडून देऊ." कुठल्याशा जुन्या पिंपातली ब्रँडी होती, त्यांनी घरी जपून ठेवलेली. बारवाल्याची परवानगी काढून फोडली. "बाईंनी आधी चाखायची," म्हणाले. बाईंचा चेहरा उजळला. खरंच उजळला. गेल्या आठवड्याभरात त्यांना कुणी इतकं मानानं वागवलं नव्हतं.

पेले आणायला मी उठले. बाटली माझ्याच हातात होती. काउंटरवर बारच्या आचाऱ्याची रमची बाटली पडली होती. तिचा वास आम्हा सगळ्यांच्या ओळखीचा. लांब्या त्याला फर्निचरचं पॉलिश म्हणतो. रंग मात्र हुबेहूब ब्रँडीचा.

मी बाईंच्या पेल्यात ती रम ओतली.

का? मला वाटलं, बाई पेला नाकाशी नेतील, तोंड वेडंवाकडं करतील आणि म्हणतील, "कुणी केला हा चावटपणा?" सगळे हसतील. साहेबांना कळेल, बाईंचं नाक काय चीज आहे. परत आलेल्या मालाचा डाग धुऊन निघेल. असंच वाटलं होतं मला. जाता जाता लांब्याला डोळाही घातला.

बाईंनी पेला दोन्ही तळव्यांत धरला. डोळे मिटले. नाकाशी नेला आणि कितीतरी वेळ हुंगला. मग एक घोट घेऊन तोंडात फिरवला.

"वा," त्या म्हणाल्या. "वीस वर्षं तरी पिंपात असणार. आधी जर्दाळू येतो. मग मध, अगदी कणभर. आणि सगळ्यात शेवटी विझलेल्या लाकडाचा धूर."

मग लांब्या फुटला. टेबलावर हात आपटून हसायला लागला. "बाई, रम आहे ती! आचाऱ्याची! पॉलिश!"

मिस्त्री हसले नाहीत. साहेब थोडं हसले. मग त्यांनी हात लांब करून बाईंचा पेला उचलला, वास घेतला आणि खाली ठेवला. अगदी हळुवारपणे ठेवला.

बाईंनी लांब्याकडे पाहिलं नाही. साहेबांकडेही नाही. माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. एखादा हिशोब चुकला तर आपण पुन्हा वरून वाचतो ना, तसं.

मग पर्स उचलली, "येते मी" म्हणाल्या आणि गेल्या. सातसुद्धा वाजले नव्हते.

त्यानंतर मी त्या महागड्या ब्रँडीचे दोन पेले घेतले. चव आठवत नाही.

सोमवार, ३० ऑक्टोबर

साहेबांनी सकाळी स्वतः सहा कप मांडले. त्यातल्या दोनांत परत आलेल्या मालातली पत्ती होती. बाईंना एकट्यांनाच आत बोलावलं. मी बाहेर बाकावर. दाराच्या काचेतून त्यांची पाठ दिसत होती. भुरका, थुंकणं, लिहिणं, सगळं नेहमीसारखं ऐटीत. फक्त मध्ये मध्ये त्यांची मान उजवीकडे वळायची. तिथे मी बसते.

चार चुकले.

मग मला बोलावलं. माझे सहाही बरोबर आले. त्या क्षणी मला आनंद झाला. तो इथे लिहिते, कारण दुसरीकडे कुठे सांगणार?

साहेबांनी अठरा तारखेचा कागद काढून माझ्या सहीबद्दल विचारलं. मी तोंड उघडायच्या आत बाई म्हणाल्या, "सही मी दटावून घेतली होती. तिचा काही संबंध नाही." मी काही बोलले नाही. दटावलं नव्हतं त्यांनी.

बुधवार, १ नोव्हेंबर

बाई गेल्या. निरोप नको म्हणाल्या. ड्रॉवरमधला चष्मा, रुमाल आणि स्वतःचा चमचा घेतला. दारात मी उभी होते, तर "जरा बाजूला सर," एवढंच म्हणाल्या.

दुपारी साहेबांनी मला कागद दिला. आजपासून खुर्ची माझी. मग म्हणाले, "वाईट वाटतं. आधीच येऊन कुणी सांगितलं असतं, तर त्यांना नव्या लोकांना शिकवायच्या कामावर घेतलं असतं. एवढा अनुभव कुठे मिळतो? पण सात महिने न चाखता सह्या केल्या म्हटल्यावर माझाही नाइलाज."

"सात महिने?" मी विचारलं.

"त्यांनीच सांगितलं. मार्चमधल्या तापात वास गेला, तो परत आलाच नाही."

घरी हे खूश झाले. "बघ, मी म्हणालो नव्हतो?" डोळ्याला पट्टी असूनही उठून मला जवळ घेतलं. मी रडले. आनंदानेच, असं ह्यांना वाटलं.

शुक्रवार, ३ नोव्हेंबर

सवयीने बारमध्ये गेले. एकटा लांब्या आलेला. बियर तशीच पुढ्यात ठेवून बसला होता.

"मी हसलो नसतो तर बरं झालं असतं," तो म्हणाला. "मी ओरडलो म्हणून साहेबांनी पेला उचलला. मलाच झोप येत नाही."

त्याला सांगायला हवं होतं, की बाबा, तुझा काही दोष नाही. मी म्हणाले, "जाऊ दे आता." त्याच्या पाठीवर हात ठेवला. त्याने थोडं ओझं उचललं, तर माझं तेवढं हलकं होत होतं. एवढी नीच मी कधीपासून झाले?

सोमवार, ६ नोव्हेंबर

मिस्त्री टाळत होते मला. आज जेवणाच्या सुट्टीत वाळवणी यंत्राजवळ गाठलं.

"शुक्रवारी आला नाहीत?"

"आता नाही जमायचं, ताई."

"मला माहीत नव्हतं हो, मिस्त्री."

हातातला पाना फडक्याने पुसता पुसता ते थांबले. "उन्हाळ्यात यंत्राचा पट्टा जळाला. सगळीकडे धूर व्हायच्या आधी वास पसरला होता. बाई शेजारी उभ्या होत्या आणि त्यांना पत्ता नाही. मी तेव्हाच विचारलं. रडल्या. म्हणाल्या, कुणाला सांगू नका, दोन वर्षं राहिलीत. मी म्हटलं, पण चाखायचं काय? तर म्हणाल्या, ती आहे ना. तिला सगळं कळलंय. बोलत नाही बिचारी, पण सांभाळून घेते मला. रोज न चुकता माझ्याआधी सांगते."

यंत्र चालू होतं. मी कानांवर दोष ढकलू शकले असते, पण ऐकू स्वच्छ आलं.

"त्यांना तसं वाटत होतं?" मी विचारलं.

"तुमच्या जिवावर तर बसत होत्या त्या."

रविवार, १२ नोव्हेंबर

सहा दिवस धीर गोळा केला. आज सकाळी बाईंच्या घरी गेले. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. बाई एकट्याच असतात, बहीण महिन्यातून एकदा येते. खिडकीत धुतलेले कप उपडे घातलेले. सगळ्या खिडक्या सताड उघड्या आणि गॅसची नळी सिलेंडरपासून काढून ठेवलेली. शेगडी विजेची, नवी कोरी.

"बस," म्हणाल्या. नेहमीसारख्याच. मला वाटलं होतं, दार उघडणार नाहीत.

मी पाठ करून गेलेलं सगळं विसरले. म्हणाले, "बाई, मला माहीत नव्हतं. देवाशपथ. नुसती थट्टा करायला गेले मी."

त्या समोर बसल्या. हात मांडीवर.

"असेल," म्हणाल्या. मग, "अकरा वर्षं मी तुला एकच गोष्ट शिकवली. शंभर कपांत एक खोटा असला, तर तो ओळखायचा. सात महिने मी तुझ्या शेजारी हातभर अंतरावर बसत होते. आणि तू म्हणतेस, तुला कळलं नाही."

"बाई..."

"म्हणजे एक तर तू खोटं बोलतेस, नाहीतर मला शिकवता आलं नाही. दोन्हींतलं कुठलं बरं, तेच मला अजून ठरवता येत नाही."

मला रडू आलं. त्यांनी पाण्याचा पेला दिला. मी रमच्या बाटलीकडे हात नेला त्या क्षणाबद्दल मी पुन्हा पुन्हा विचार केलाय. सर्दीवर माझा विश्वास नव्हता. गॅसचा भपकारा मला दारातून आला होता आणि त्या आत बसल्या होत्या. अत्तर, घटाघट प्यायलेली ब्रँडी, उजवीकडे वळणारी मान. हे सगळं याच वहीत, माझ्याच अक्षरात आहे. कळलं नव्हतं असं मी शपथेवर सांगते आणि मग ही पानं वाचते.

हे त्यांना सांगायचं होतं. सांगितलं नाही. म्हणाले, "साहेबांशी बोलते मी. शिकवायच्या कामाचं विचारते."

"नको," बाई म्हणाल्या. "ज्याला स्वतःला काही लागत नाही, त्याने दुसऱ्याला काय सांगायचं?" मग एकदम हलक्या आवाजात, जणू हवापाण्याबद्दल बोलत असाव्यात तशा म्हणाल्या, "आल्यासारखी एक काम कर. कालचं दूध आहे. रात्री बाहेर राहिलं होतं, मग आत ठेवलं. चाखून बघायची भीती वाटते, मागे दोनदा पोट बिघडलं. वास घेऊन सांगशील?"

मी उठले. पातेल्यावरचं झाकण काढलं. वाकून नीट वास घेतला. दोनदा घेतला. इतकं मन लावून मी परीक्षेतसुद्धा कधी वास घेतला नसेल.

"चांगलं आहे, बाई," मी म्हणाले.

त्यांनी माझ्या हातातून पातेलं घेतलं. क्षणभर तसंच धरलं. माझ्याकडे पाहिलं, मग दुधाकडे.

"बरं," म्हणाल्या, आणि सगळं दूध मोरीत ओतून वरून पाणी सोडलं.

मी जिना उतरून खाली आले. दूध खरंच चांगलं होतं.